खालचा उजवा कोपरा

बिरदेव कोळेकर कुठलाही फलक वरून वाचत नाही. आपण आधी फोटो बघतो, वाढदिवस कुणाचा ते बघतो, शुभेच्छुकांच्या गर्दीत कोण ओळखीचा आहे का ते शोधतो. बिरदेव पहिल्यांदा खालचा उजवा कोपरा बघतो. तिथं नगरपंचायतीचा परवाना नंबर आणि मुदतीची तारीख छापलेली असली पाहिजे, असा नियम आहे. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापणाऱ्याचं नाव असतं. नंबर खरा असेल तर तो पुढं जातो. नंबर नसेल, किंवा असूनही त्याच्या वहीतल्या नंबराशी जुळत नसेल, तर ट्रॅक्टरवाल्याला थांब म्हणतो. मग दुपारी माझ्या दुकानात येतो, कारण ते मुंगीएवढं नाव बहुतेक वेळा माझं असतं.

मी भूपाल मगदूम. मूळचा सांगलीकडचा, गेली एकवीस वर्षं या गावात. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या सगळे दुकानात येऊन बसतील. साताऱ्याहून सांगलीला येताना वाटेत लागतं, एवढं पुरे. आधी मी पेंटर होतो. शाळांच्या भिंती, खतांच्या जाहिराती, टेम्पोच्या मागच्या फळ्या, सगळं रंगवलं आणि प्रत्येक कामाखाली उजव्या कोपऱ्यात ‘पेंटर भूपाल’ असं वळणदार लिहिलं. मग फ्लेक्स आला आणि ब्रश सुकले. मी मशीन घेतलं, मुलीच्या नावानं ‘ब्राह्मी डिजिटल’ काढलं, आणि कोपऱ्यात आता तिचं नाव आणि माझा मोबाईल नंबर जाऊ लागला. ते आपोआप जातं. संगणकात तसं बसवूनच ठेवलंय.

बिरदेव नगरपंचायतीच्या अतिक्रमण पथकाचा मुकादम. पथक म्हणजे तो, एक ट्रॅक्टर, एक ट्रॉली आणि एक शिडी. शिडी तो क्वचितच वापरतो. त्याच्याकडं वडिलांची आकडी आहे, लांब बांबूच्या टोकाला विळा बांधलेली. वडील आटपाडीकडचे मेंढपाळ. त्या आकडीनं ते बाभळीच्या फांद्या पाडायचे, मेंढरं खालचा पाला खायची. दरवर्षी पाऊस संपला की ते कळप घेऊन आमच्या गावावरून कोरेगावच्या बाजूला जायचे. बिरदेवची आई अर्जुनाबाई डोक्यावर बिऱ्हाड घेऊन मागं चालायची. आमच्या बाजारचौकातूनच वाट होती. आता त्याच चौकात त्याच आकडीनं बिरदेव विजेच्या खांबावरचे फ्लेक्स पाडतो. एक हिसका, दोरी तुटली, फ्लेक्स खाली.

माणूस चोख आहे, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे तालुक्याच्या कोर्टात उभं राहणं. मी चहा सांगितला की आज का सांगितला, आणि नाही सांगितला तर आज का नाही. एखादा खांब मोकळा दिसला तर तो खुश होत नाही, खांबाभोवती फिरून खिळा शोधतो. एकदा मी त्याला बघून सहज हसलो, तर तो दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन गुंडाळलेले सगळे फ्लेक्स उलगडून बघून आला. मीही काही कमी नाही. गावात इतक्या वर्षांत मी इतके चेहरे गोरे केलेत, इतक्यांच्या मागं खोटं आभाळ लावलंय, की समोरचा काय लपवतोय हेच मला आधी दिसतं. आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवूनच होतो.

अशात वीरधवलदादा आले. उंब्रजच्या बाजूचे, पांढरी गाडी, पांढरे कपडे, बोलणं साखरेसारखं. बायपासला त्यांनी जमीन घेतली आणि तिथं ‘शिवांजली पार्क’ काढलं. शिवांजली त्यांच्या मुलीचं नाव. फलकावर ‘एन.ए. प्लॉट’ ही अक्षरं हातभर उंच, आणि त्याच्यापुढं ‘प्रस्तावित’ हा शब्द चष्मा लावूनही दिसणार नाही इतका बारीक. बारीक करायला त्यांनीच सांगितलं, पण केला मी. दोन महिन्यांत गावात एक खांब मोकळा राहिला नाही. कडुलिंबाला खिळे ठोकून फलक, एसटीच्या थांब्यावर फलक, ‘पुढे शाळा आहे, वाहने हळू चालवा’ या पाटीवर बाण काढून फलक. परवाना एकालाही नव्हता.

बिरदेवनं एका आठवड्यात ट्रॉली भरून काढले. वीरधवलदादांनी पुन्हा छापले, त्यानं पुन्हा काढले. झाडातले खिळे तो पक्कडीनं एकेक उपसायचा. खरं सांगायचं तर त्यानं फाडावं आणि मी छापावं, यात माझं बरंच चाललं होतं. मग मुख्याधिकारी म्हणून क्रांतीमॅडम आल्या. त्यांनी दंडाची नोटीस काढली आणि एका सकाळी सगळं थांबलं. चार-पाच आठवडे शिवांजली पार्कचा एक फलक गावात लागला नाही. गावानं सुटकेचा निःश्वास सोडला, पण बिरदेवची झोप उडाली. रोज दुकानात येऊन विचारायचा, दादा कुठं छापतात आता, साताऱ्याला का सांगलीला. मी म्हणायचो, कुठंच नाही. त्याला ते पटायचं नाही, आणि पटत नव्हतं तेच बरोबर होतं.

इथं आमच्या गावचा एक रिवाज सांगायला हवा. वाढदिवसाचा फलक कुणीही काढावा, निवडणुकीचा काढावा, देवाचासुद्धा जत्रा झाली की काढावा. पण ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फलकाला तेराव्यापर्यंत कुणी हात लावत नाही. हे कुठल्या ठरावात लिहिलेलं नाही. परवान्याचा नंबरही त्याला कुणी विचारत नाही. मयताच्या घरच्यांना अर्ज भरायला कोण सांगणार? बिरदेव हा रिवाज इतरांपेक्षा जरा जास्तच पाळायचा, त्यालाही कारण होतं. दोन वर्षांमागं एकाच आठवड्यात गावातले दोन लालासाहेब गेले. पहिल्याचं तेरावं झालं त्या दिवशी बिरदेवनं फलक काढला, तो दुसऱ्याचा. त्याचा तो नववा दिवस होता. त्या लालासाहेबांच्या घरचे चाळीसजण नगरपंचायतीच्या पायरीवर येऊन बसले, बायका रडल्या, आणि बिरदेवला सगळ्यांसमोर हात जोडून उभं राहावं लागलं. तेव्हापासून त्याच्या वहीत मयतांचं वेगळं पान आहे. नाव, दिवस, तेराव्याची तारीख.

तर त्या शांततेच्या पाचव्या आठवड्यात पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वारले आणि दुपारपर्यंत बाजारचौकात दहा बाय पंधराचा श्रद्धांजलीचा फलक उभा राहिला. खाली लिहिलं होतं, ‘शोकाकुल : शिवांजली पार्क परिवार’. गाव हळहळलं, दादांचं कौतुकही केलं. परका माणूस, पण आपल्या दुःखात आला. पुढच्या आठवड्याभरातच आणखी दोन मयतं झाली, दोघांचे फलक लागले. पहिल्यावर ‘शिवांजली पार्क’ बोटाएवढं होतं. दुसऱ्यावर वितीएवढं झालं आणि त्याखाली ‘बायपास रोड’ आलं. तिसऱ्यावर मयताच्या नावापेक्षा ते मोठं झालं आणि खाली फोन नंबर आला. हे सगळे आकार मीच वाढवत गेलो होतो. मला ते दिसत नव्हतं असं नाही. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं.

बिरदेव त्या दिवशी दुकानात आला तो बसला नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

“अण्णा, मेलेल्या माणसाला फोन नंबर कशाला लागतुय?”

मी म्हटलं, कुणाला शोक कळवायचा असेल तर असावा.

“शोक कळवायला न्हवं. पलाटाला फोन लावायला. तेरा दिस कोण हात लावत न्हाई, हे त्यास्नी कुणीतरी सांगितलंय. गावात आठवड्याला एक मयत हुतंयच. आता परवाना नको, दंड नको, काय नको.”

कुणी सांगितलं, यावर मात्र त्यानं माझ्याकडं रोखून पाहिलं. मी चष्मा काढून पुसायला लागलो. सांगितलं मीच होतं. मुद्दाम नाही. दादा एकदा दुकानात बसले होते, रस्त्यापलीकडं एक जुना श्रद्धांजलीचा फलक फडफडत होता, त्यांनी विचारलं, हा कसा काढला नाही. मी आपला रिवाज सांगितला. जसं कुणीही पाहुण्याला सांगेल तसं. ते ‘अस्सं’ म्हणाले आणि चहा संपवून गेले.

बिरदेव क्रांतीमॅडमकडं गेला. त्या म्हणाल्या, मला सगळं कळतंय, पण मयताचा फलक काढायला मी माणसं कुठल्या तोंडानं पाठवू? एखाद्या घरच्यांनी स्वतःहून काढू दिला तर पुढचं मी बघते, ठरावही करून घेते. पण पहिला फलक कुणाचा, हे त्याही सांगू शकत नव्हत्या. तीन फलकांच्या तिन्ही घरी बिरदेव जाऊन आला. तिन्ही घरी चहा मिळाला आणि तिन्ही घरी तेच ऐकायला मिळालं, की आमच्या माणसाचा एवढा मोठा फोटो कधी लागला होता का चौकात, राहू दे तेरावं होईपर्यंत.

आणि मग अर्जुनाबाई गेल्या. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. सकाळी अंगणात दात घासायला बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी मातीला गेलो होतो. बिरदेव रडला नाही. लोकांकडं बघत उभा होता, कोण आलंय, कोण नाही, कोण कुणाशी काय बोलतंय. त्याच्या थोरल्या बहिणीला, दगडाबाईला, आटपाडीहून यायला वेळ लागला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, त्यामुळं आईचं तोंड त्यांनी अगदी जवळ वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादांची पांढरी गाडी माझ्या दुकानासमोर थांबली. त्यातून दादांचा माणूस उतरला आणि त्याच्यामागं दगडाबाई. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आईचं आधार कार्ड. अर्जुनाबाईंचा जगात तेवढा एकच फोटो होता. दगडाबाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, गाडीवाल्यांनी घरी येऊन विचारलं, आईचा फलक लावायचा का, मी व्हय म्हटलं. एवढंच, की बिरदेवला सांगू नका, तो फाडून टाकेल. जन्मभर आई या चौकातून डोक्यावर ओझं घेऊन गेली, एकानं कधी तिला नाव विचारलं नाही. एकदा तरी चौकानं मान वर करून तिच्याकडं बघू दे.

मी वचन दिलं आणि कामाला बसलो. आधारचा फोटो कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. काळपट, डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर आणि हनुवटीवर डाग. दादांचा माणूस मागं उभा राहून म्हणाला, जरा उजळ करा. मी उजळ केलं, सुरकुत्या काढल्या, डाग पुसले, मागं निळं आभाळ आणि ढग टाकले. दगडाबाईंनी पडद्याला नाक लावून विचारलं, दिसती का वो आई? मी म्हटलं, लय छान दिसत्यात.

तिसऱ्या दिवशी सावडून परत येताना सगळे चौकातून आले आणि थांबले. समोर दहा बाय पंधरा. ‘कै. अर्जुनाबाई कोळेकर यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली त्याहून मोठ्या अक्षरात ‘शोकाकुल : शिवांजली पार्क परिवार, बायपास रोड, एन.ए. प्लॉट’ आणि फोन नंबर. सगळ्यांचे डोळे बिरदेवकडं. बिरदेवनं डोक्यावरचा टॉवेल नीट केला, फलकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडं एकदा बघितलं, नंबर नव्हता, आणि तो घरी निघून गेला.

गावाला विषय मिळाला. पानपट्टीवर, सलूनमध्ये, दूध डेअरीत एकच चर्चा. कुणी म्हणे मुकादमाची आकडी बोथट झाली. कुणी म्हणे एक प्लॉट नावावर झालाय, बहिणीच्या नावावर. पाचव्या दिवशी कुणीतरी निनावी अर्ज दिला, की मुकादम बिल्डरला मॅनेज झालेत, चौकशी व्हावी. क्रांतीमॅडमना अर्ज बाजूला टाकता येईना. सुतकातल्या माणसाला त्यांनी खुलासा मागितला आणि फोनवर हळूच सांगितलं, की बिरदेव, हा फलक राहिला तर बाकीचे मला कधीच काढता येणार नाहीत, आणि तुमच्यावरचा डागही निघणार नाही. मीही इथं कबूल करतो. गडी मॅनेज झाला, असं मलाही वाटलं, आणि वाईट वाटण्याऐवजी मला बरं वाटलं. चला, हाही आपल्यातलाच निघाला.

बिरदेवच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती, फोटो कुणी दिला. आधार कार्डाची झेरॉक्स त्यानं मृत्यूची नोंद करताना नगरपंचायतीत दिली होती. म्हणजे फोटो ऑफिसातूनच बाहेर गेला. सातव्या दिवशी तो नोंदणीच्या क्लार्कपुढं जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत त्याला चोर म्हणाला. क्लार्क बिचारा पापभीरू, खुर्चीतून उठून उभाच राहिला. तिथून बिरदेव थेट माझ्याकडं.

“फोटू कुणी आणला, अण्णा?”

मी म्हटलं, धंद्यात गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नसतं.

“तुमी खोटं बोलताना चष्मा पुसता. आता पुसताय.”

माझ्या हातात खरंच चष्मा होता. तो तसाच निघून गेला. क्लार्कवर आळ घेतल्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झाली, दगडाबाईंच्याही कानावर गेली. आपल्यापायी एका गरीब माणसाला चोर ठरवलं, हे त्यांना सोसलं नाही. आठव्या दिवशी सकाळी त्यांनीच भावाला सांगितलं, की फोटो मी दिला. घरात काय झालं ते मला माहीत नाही. एवढं कळलं, की बिरदेवनं बहिणीला विचारलं, त्यांनी तुला काय दिलं? आणि ती बाई त्या दिवशी जेवली नाही.

नववा दिवस बाजाराचा. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. अकराच्या सुमारास ट्रॅक्टर आला. बिरदेव ट्रॉलीत उभा, हातात आकडी. मी दुकान तसंच टाकून गेलो. लोक भाजी घ्यायचं विसरून भोवती जमले. आणि खांबाच्या बुंध्याशी, दोन्ही हातांनी मागं खांब धरून, दगडाबाई उभ्या होत्या. त्या आधीच येऊन थांबल्या होत्या.

वीरधवलदादांनाही कुणीतरी फोन केला असणार. गाडी लावून ते गर्दीतून पुढं आले, हात जोडले आणि शांतपणे म्हणाले, मुकादम, आईचा फलक आहे, तेरावं तरी होऊ द्या, लोक काय म्हणतील. गर्दीतून ‘बरोबर हाय’ असा आवाज उठला. दुसऱ्या लालासाहेबांचा मुलगाही गर्दीत होता. दोन वर्षांमागचा नववा दिवस त्याला आठवत होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. बिरदेव ट्रॉलीत उभा राहून नेहमीप्रमाणं खालचा उजवा कोपरा बघत होता. आकडी उचलत नव्हता, खालीही ठेवत नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की याला काय करायचंय हे यालाच माहीत नाही.

दगडाबाई म्हणाल्या, “सारका खाली काय बगतुस रं? आट दिस झालं, आईच्या तोंडाकडं बगितलं न्हाईस तू. येकदा तोंडाकडं बग, आन् मग काप.”

बिरदेवनं मान वर केली. आठ दिवसांत पहिल्यांदा. बराच वेळ बघत राहिला. मग आकडी ट्रॉलीच्या कडेला टेकवली, शिडी लावली, वर चढला, आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. दोरी कापली नाही, हातानं सोडली. वरच्या दोन्ही दोऱ्या सुटल्या तसा फलक पुढं कलला आणि अर्जुनाबाईंचं भलंमोठं तोंड वाकून ट्रॉलीवर आलं. खाली उतरून त्यानं बहिणीला हात धरून ट्रॉलीत घेतलं.

“आक्का, हितलं गोंदण कुटं हाय?”

दगडाबाई पुढं वाकल्या. अर्जुनाबाईंच्या भुवयांच्या मधोमध हिरवी उभी रेघ गोंदलेली होती आणि हनुवटीवर तीन ठिपके. नवरा गेल्यावर कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, मंगळसूत्र गेलं. गोंदण तेवढं राहिलं, ते कुणाला काढून घेता येत नाही आणि ते माणसाबरोबर वर जातं, असं त्या नेहमी म्हणायच्या. आम्ही सगळ्यांनीच ते ऐकलं होतं. आणि त्या फलकावर हातभर रुंद कपाळ होतं, गुळगुळीत, गोरंपान, मोकळं. आधार कार्डावरचे डाग म्हणून ते मीच पुसलं होतं.

दगडाबाईंनी कपाळावरून हात फिरवला. हनुवटीवरून फिरवला. पुन्हा कपाळावरून फिरवला.

“ही आई न्हवं,” त्या म्हणाल्या. “ही कोण बाई हाय?”

“पलाट इकायला आणलेली हाय,” बिरदेव म्हणाला.

दादांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. दगडाबाईंनी स्वतः फलकाचं एक टोक धरलं, दुसरं बिरदेवनं, आणि दोघांनी मिळून तो घोंगडं घडी करावं तसा चार पदरी घडी करून ट्रॉलीत ठेवला. मग बिरदेव गर्दीकडं वळला. आवाज चढवला नाही.

“माज्या घरचा नवव्या दिशी काडला. आता हाय का कुणाचं काय?”

कुणाचं काही नव्हतं. तिघांपैकी एका घरचे तिथंच होते, ते म्हणाले, आमचाही घ्या. त्याच दुपारी उरलेले फलक उतरले. क्रांतीमॅडमनी पुढच्या बैठकीत ठराव करून घेतला, की श्रद्धांजलीच्या फलकावर घरच्यांखेरीज कुणाचं नाव नको, धंद्याचं तर नकोच, आणि फोन नंबर कुणाचाच नको. निनावी अर्ज फाईलला लागून बंद झाला. बिरदेव क्लार्कच्या टेबलाशी जाऊन सगळ्यांदेखत हात जोडून उभा राहिला. वीरधवलदादांनी आता बसथांब्याला बाकडी दिली आहेत, पाठीवर ‘सौजन्य’ लिहिलेली, आणि बिरदेव सध्या त्या बाकड्यांभोवती फिरत असतो.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि संगणकावर बसलो. आधार कार्डाचा मूळ फोटो होताच. या वेळी काहीही उजळ केलं नाही. कपाळावरची रेघ अंधूक होती ती जुन्या हातानं, ब्रशनं काढायचो तशी, सावकाश गडद केली. हनुवटीवर तीन ठिपके दिले. मागं ढग नाहीत, आभाळ नाही. भिंतीवर लावण्याएवढा छापला आणि बिरदेवच्या घरी घेऊन गेलो. वाटेत मनात जुळवत होतो, काय बोलायचं. दादांना रिवाज मीच सांगितला हे सांगायचं होतं. वचन पाळलं म्हणून गप्प बसलो हेही सांगायचं होतं, पण त्यापेक्षा धंदा बुडेल म्हणून गप्प बसलो, हे जास्त खरं होतं.

दगडाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, गोंदण बघितलं आणि रडायला लागल्या. आई गेल्यापासून असं रडणं त्या घरात झालं नव्हतं म्हणे. मग त्यांनी तो भावाकडं दिला. बिरदेवनं दोन्ही हातांनी घेतला, आधी तोंडाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मला हायसं वाटलं. मग त्याची नजर सवयीनं खाली सरकली, उजव्या कोपऱ्यात, आणि तिथंच थांबली.

मीही वाकून बघितलं. मुंगीएवढ्या अक्षरात, आपोआप, ‘ब्राह्मी डिजिटल’ आणि माझा मोबाईल नंबर.

तो रागावला नाही. त्यानं आक्काकडं कात्री मागितली. फोटोची खालची कड, बोटभर रुंद पट्टी, सरळ रेघेत हळूहळू कापली आणि माझ्या हातात ठेवली.

“अण्णा, ह्ये तुमचं.”

मी ती पट्टी घेतली. जे सांगायला आलो होतो ते तसंच परत घेऊन निघालो. उंबऱ्याबाहेर येऊन चपला पायात घालेपर्यंत मला मान वर करता आली नाही.